जर्मनीत कॅथलिक चर्चमधून नाव काढताना

मी वसईची. घर कॅथलिक, शाळा सिस्टरांची, रविवारची सकाळ मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची. २०१५ पासून नोकरीसाठी जर्मनीत आहे. त्यातली बरीच वर्षं नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात गेली आणि तिथेच नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयात जाऊन मी कॅथलिक चर्चमधून माझं नाव अधिकृतपणे काढून घेतलं. तेव्हापासून वसई, मुंबई, गोव्याकडची इथली माणसं अधूनमधून बाजूला घेऊन विचारतात. कागद काय लागतात? घरी कळतं का? भारतातल्या चर्चला पत्र जातं का? पुढे लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, माती यांचं काय होतं? मी हे शोधत होते तेव्हा मराठीत काही मिळालं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते. कुणी चर्च सोडावं म्हणून हे लिहीत नाही. ज्यांचं मन बरंचसं ठरलं आहे पण पुढचं काही दिसत नाही, त्यांच्यासाठी हे आहे.

सुरुवात होते ती पत्त्याच्या नोंदणीपासून. जर्मनीत घर मिळालं की दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत नाव नोंदवावं लागतं. त्या अर्जात धर्माचा रकाना असतो. मी तिथे रोमन कॅथलिक लिहिलं. ते खरं होतं आणि लिहिताना बरंही वाटलं होतं. महिन्याभराने पहिली पगारपावती आली, तिच्यावर रोमन कॅथलिकची ‘आर के’ ही दोन अक्षरं होती आणि आयकराच्या खाली आणखी एक कपात होती. ती किर्शनश्टॉयर, म्हणजे चर्चचा कर. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात तो आयकराच्या ९ टक्के असतो, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत ८ टक्के. पुष्कळांना तो पगाराच्या ९ टक्के वाटतो, तसं नाही. आयकर ७०० युरो असेल तर चर्चचा कर ६३ युरो. माझे महिन्याला साठ-सत्तर युरो जायचे. सरकार तो वसूल करून चर्चला देतं. १९१९ च्या वायमार राज्यघटनेत चर्चला हा अधिकार मिळाला आणि १९४९ च्या राज्यघटनेने तो १४० व्या कलमात तसाच ठेवला.

पहिली काही वर्षं मला या कपातीचं काही वाटलं नाही. मी जवळच्या चर्चमध्ये जायचे, पुढे रविवारी मिस्सात बायबलची वाचनंही करायला लागले. परक्या देशात मिस्साचा क्रम तोच असणं हा फार मोठा आधार होता. भाषा कळत नसतानाही कधी गुडघे टेकायचे आणि कधी उभं राहायचं ते मला ठाऊक होतं.

सप्टेंबर २०१८ मध्ये जर्मन बिशपांनी स्वतःच करवून घेतलेल्या अभ्यासाचा अहवाल आला. १९४६ ते २०१४ या काळातल्या कागदपत्रांत लैंगिक अत्याचार झालेली ३६७७ मुलं-मुली आणि आरोप असलेले १६७० धर्मगुरू व अन्य पदस्थ सापडले होते. कागदपत्रांतून जेवढं दिसलं, तेवढंच हे. वसईत मी कॉलेजात असताना धर्मशिक्षणाचे वर्ग घेत असे. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे मिस्सात मिळणाऱ्या पवित्र भाकरीच्या, तयारीची मुलं माझ्याकडे असायची. त्यातलं एकेक मूल डोळ्यांपुढे आणून मी तो अहवाल वाचला. अत्याचार करणाऱ्यांपेक्षाही मला जास्त लागलं ते वरच्यांचं वागणं. तक्रार आली की त्या माणसाची दुसऱ्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, बदली व्हायची आणि तिथल्या आईबापांना कुणी काही सांगायचं नाही.

तरी मी लगेच निघाले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये बिशप आणि प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले सभासद, यांनी मिळून सुधारणांची एक प्रक्रिया सुरू केली. सत्तेची वाटणी, धर्मगुरूंचं जीवन, स्त्रियांचं स्थान, लैंगिकतेबद्दलची शिकवण, असे चार विषय होते. मी ती अक्षरशः आशेने पाहत होते. कामावरून येऊन सभांची चित्रणं ऐकायची. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या धर्मप्रांतातल्या अत्याचारांवरचा अहवाल आला तेव्हाही वाटलं, आता तरी काही हलेल. मार्च २०२३ मध्ये फ्रँकफुर्टला ती प्रक्रिया संपली. काही ठराव झाले, पण जे मुळातून बदलायला हवं होतं ते रोमच्या, म्हणजे पोपच्या, परवानगीवाचून बदलणार नव्हतं आणि ती परवानगी येणार नाही हे स्पष्ट होतं.

त्याच वर्षी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात माझ्या लक्षात आलं की मिस्सातला विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना मी ‘पवित्र कॅथलिक ख्रिस्तसभा’ या शब्दांशी गप्प होते. देवावरचा विश्वास गेला नव्हता. या संस्थेला माझ्या नावाने बोलण्याचा अधिकार आहे, हे मात्र मला मान्य राहिलं नव्हतं.

इथे पुष्कळ जण म्हणतात, मग मिस्साला जाणं बंद कर, नाव कशाला काढायचं? वसईत मीही तेच केलं असतं. तिकडे माणूस चर्चला यायचा थांबला तर फादर घरी येऊन विचारपूस करतात, शेजारपाजारी बोलतात, पण नाव काढायचं असं काही रजिस्टर नाही. जर्मनीत मात्र ते आहे. दर महिन्याला पगारपावतीवर माझा धर्म छापला जात होता आणि वर्षाअखेरीच्या सभासदसंख्येत मी मोजली जात होते. नाव ठेवणं ही संमती आहे असं माझं मत झालं आणि संमती राहिली नव्हती. २०२२ या एका वर्षात या देशातल्या ५,२२,८२१ जणांनी कॅथलिक चर्च सोडलं. एवढी माणसं निघाली म्हणून माझं निघणं सोपं झालं नाही. त्यांच्यातल्या कुणाचे आईवडील वसईत नव्हते.

एप्रिल २०२३ मध्ये मी परिणामांची माहिती काढायला बसले. सही करण्याआधी हे पूर्ण करा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. कारण न्यायालयातला माणूस तुम्हाला यातलं काहीही सांगणार नाही, ते त्याचं काम नाही.

जर्मन बिशपांचा एक हुकूमनामा २४ सप्टेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यानुसार सरकारी दप्तरात चर्च सोडणाऱ्याला पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) आणि आजाऱ्यांचा अभ्यंगविधी हे संस्कार घेता येत नाहीत, मरणाचा धोका असेल तेव्हाचा अपवाद सोडून. चर्चमधली पदं धरता येत नाहीत, बाप्तिस्म्याला किंवा दृढीकरणाला धर्ममाता-धर्मपिता होता येत नाही. चर्चमध्ये लग्न करायचं तर बिशपांच्या प्रतिनिधीची खास परवानगी लागते. मरणापूर्वी पश्चात्तापाची खूण दिसली नाही तर चर्चचा अंत्यविधी नाकारला जाऊ शकतो.

बाप्तिस्मा मात्र पुसला जात नाही. रोमच्या एका परिषदेने मार्च २००६ मध्ये जगभरच्या बिशपांना कळवलं होतं की सरकारी दप्तरात नाव काढणं एवढ्यानेच माणूस ख्रिस्तसभेबाहेर जात नाही. मनातला निर्णय हवा, तो प्रकट व्हायला हवा आणि चर्चच्या अधिकाऱ्याने तो स्वीकारायला हवा. जर्मन बिशपांचा व्यवहार याहून कडक आहे. म्हणजे रोमच्या लेखी मी अजून ख्रिस्तसभेतच आहे आणि जर्मनीत मला ख्रिस्तप्रसाद नाही. हा फरक पुढे आईला समजावताना उपयोगी पडला.

नर्सिंगला आलेल्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगते. इथली बरीच रुग्णालयं, वृद्धाश्रम आणि बालवाड्या कॅथलिक संस्था चालवतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये बिशपांनी तिथल्या नोकरीचे नियम पुष्कळ सैल केले. घटस्फोटानंतरचं दुसरं लग्न किंवा समलिंगी विवाह यांवरून आता नोकरी जात नाही. पण चर्च सोडणं हे नोकरी नाकारण्याचं किंवा संपवण्याचं कारण म्हणून त्यांनी कायम ठेवलं. माझी नोकरी खासगी कंपनीतली, मला तो प्रश्न आला नाही. माझ्या ओळखीची एक केरळी नर्स माझ्यासारखाच विचार करत होती, ती करारपत्र वाचून थांबली. तिने योग्य केलं. तुमचा व्हिसा त्या नोकरीवर असेल तर आधी कामगारविषयक वकिलाला भेटा.

मे २०२३ मध्ये मी वसईला गेले. हे फोनवर सांगायचं नाही, हे मी ठरवूनच ठेवलं होतं. दुसरं कारणही होतं. चर्च सोडल्याची नोंद बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात करायची अशी इथली पद्धत आहे आणि माझं रजिस्टर गावच्या चर्चमध्ये. पत्र तिकडे पोचेल की नाही याचा अंदाज नव्हता, पण धर्मग्रामाच्या कचेरीतून आईबाबांच्या कानावर जाण्याआधी माझ्या तोंडून जायला हवं होतं.

मे महिन्यात आमच्याकडे गावच्या क्रुसांपुढे संध्याकाळच्या प्रार्थना असतात. एके दिवशी तिथून परतल्यावर अंगणात बसून मी दोघांना सांगितलं. आईने मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुला तो कर नको ना? मग कर भरू नको. पण ख्रिस्तसभा सोडू नको. दोन्ही वेगळं नाही का करता येत?”

हा प्रश्न जर्मनीतल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. हार्टमुट झाप हे चर्चच्या कायद्याचे प्राध्यापक. त्यांनी २००७ मध्ये फ्रायबुर्गजवळच्या गावी नाव काढताना अशी शब्दयोजना केली की आपण कर घेणाऱ्या सार्वजनिक संस्थेतून बाहेर पडतो आहोत, श्रद्धेतून नाही. २६ सप्टेंबर २०१२ रोजी लाइपझिगला निकाल लागला. बाहेर पडणं वैध ठरलं, पण फक्त कर घेणाऱ्या संस्थेतून बाहेर आणि श्रद्धावंतांच्या समूहात आत, अशी वाटणी सरकारी घोषणेत करता येत नाही असं न्यायालयाने सांगितलं. मी आईला हे सगळं सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की कर नसता तरी मी हेच केलं असतं. ते तिला कर टाळण्यापेक्षा जास्त जड गेलं, हे मला दिसलं. पण खोटं कारण सांगून तिला हलकं करणं मला जमलं नसतं.

बाबांनी एकच विचारलं. “मग तुला माती कुठे द्यायची?”

आमच्याकडे दफनभूमी चर्चची. आजी-आजोबा एकाच कबरीत आहेत आणि तिथे पुढे कोण कोण येणार हे घरात धरून चाललेलं असतं. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण उत्तर नाही. जर्मनीत नगरपालिकेच्या दफनभूमी असतात, तिथे धर्म विचारत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. ते उठून आत गेले. दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. मुंबईला निघताना त्यांनीच माझी बॅग रिक्षापर्यंत आणून दिली आणि म्हणाले, “तू प्रार्थना करतेस ना अजून?” मी हो म्हटलं. ते खरं आहे.

आत्या सिस्टर आहे, तिचं आयुष्य आदिवासी भागातल्या एका दवाखान्यात गेलं. तिला मी नंतर पत्र लिहिलं. तिचा फोन आला तेव्हा ती चिडलेली नव्हती. “आमची पहिली रुग्णवाहिका जर्मनीतल्या कॅथलिकांच्या पैशातून आली होती,” ती म्हणाली. “तुझ्यासारख्यांनीच दिले असतील ते. निघताना तेवढं लक्षात ठेव.” हे मी लक्षात ठेवलं आहे. चर्चच्या पैशावर इथे आणि आपल्याकडे पुष्कळ चांगलं उभं आहे. चर्च सोडणाऱ्याने ते नाकारू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सर्वांत अवघड गेलं ते बहिणीचं. तिला तेव्हा दिवस गेले होते आणि बाळाची धर्ममाता मीच होणार हे लग्नापासून ठरलेलं. आधी ती भूमिका पार पाडून मग सही करता आली असती. काही जण तसं करतात. पण धर्ममाता होणं म्हणजे मुलाला या चर्चच्या विश्वासात वाढवायला मदत करीन असं वेदीपुढे सांगणं. ते सांगून दोन महिन्यांनी मी न्यायालयात कशी गेले असते? मी नाही म्हटलं. ती खूप रडली. “तू चर्चला नाही म्हणत नाहीयेस, मला म्हणतेयस,” असं ती म्हणाली. त्यानंतर बरेच आठवडे आमच्यात फक्त डॉक्टरांच्या तारखांचे निरोप चालू होते.

आता कचेरीचा भाग. नाव कुठे काढायचं ते राज्यागणिक बदलतं. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात आम्ट्सगेरिश्ट या स्थानिक न्यायालयात जावं लागतं. बायर्न, बाडेन-व्युर्टेम्बर्ग अशा राज्यांत जन्म-विवाह नोंदणीच्या कचेरीत. स्वतः हजर राहावं लागतं, दुसऱ्याला पाठवून चालत नाही. टपालाने करायचं तर नोटरीसमोर सही करून ती प्रमाणित करून घ्यावी लागते, त्याची फी वेगळी. वय १४ पूर्ण झालेलं मूल स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकतं.

भेटीची वेळ संगणकावरून घ्यायची असते. मोठ्या शहरांत ती सहज मिळत नाही. कोलोनच्या न्यायालयाने २०२१ मध्ये अशा भेटी महिन्याला १५०० पर्यंत वाढवल्या, तरी त्या भरून जात होत्या. माझं शहर लहान. सप्टेंबरच्या सुरुवातीला मी पाहिलं तेव्हा पुढच्या जागा नोव्हेंबरच्या मध्यातल्या होत्या. सकाळी लवकर पाहिलं तर कुणीतरी रद्द केलेली वेळ मिळू शकते, पण मला घाई नव्हती. उलट ते दोन महिने मध्ये आले हे बरंच झालं. मी मुद्दाम रविवारी चर्चला जात राहिले आणि दरवेळी स्वतःला विचारत राहिले. वाचनाची जबाबदारी मात्र ऑक्टोबरमध्ये सोडली आणि वाचकांच्या गटातल्या बाईंना कारण सांगितलं. सत्तरीच्या त्या बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “माझ्या दोन्ही मुली गेल्या. मी राहिलेय, कारण कुणीतरी आत राहून भांडायला हवं.” मला त्यांचं म्हणणं पटतं. माझ्यात ते बळ नव्हतं.

कागद फार लागत नाहीत. जर्मन नागरिकाला ओळखपत्र पुरतं. आपल्या पासपोर्टवर इथला पत्ता नसतो, म्हणून आपल्याला पासपोर्ट आणि सोबत नगरपालिकेचा रहिवासाचा ताजा दाखला लागतो. दाखल्याचे ९ युरो पडले. बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही, तो वसईहून मागवायच्या खटपटीत पडू नका. न्यायालयाची फी ३० युरो. दुसऱ्या राज्यांत ती कमीजास्त आहे.

ठरलेल्या दिवशी अर्धी रजा काढून गेले. दारात विमानतळासारखी तपासणी झाली. वरच्या मजल्यावर एका साध्या खोलीत कर्मचारी बाई होत्या. त्यांनी पासपोर्ट पाहिला, नाव, जन्मतारीख, पत्ता, विवाहित की अविवाहित, कोणतं चर्च, एवढं विचारून टंकलं. बाप्तिस्मा कुठे झाला हेही विचारलं. सांगणं ऐच्छिक आहे असंही त्या म्हणाल्या. मी गावाचं नाव सांगितलं, अक्षरं एकेक करून. घरी बोलून झालं होतं म्हणूनच ते मोकळेपणाने सांगू शकले. कारण त्यांनी विचारलं नाही. मी ते तयार करून गेले होते, जर्मन वाक्यं पाठ केली होती. ती कुणाला नको होती. तुम्हीही कारण लिहून नेऊ नका, अट किंवा खुलासा त्या कागदावर चालत नाही. मजकूर त्यांनी वाचून दाखवला, मी सही केली, पैसे कार्डाने भरले आणि शिक्का मारलेला दाखला हातात मिळाला. काही ठिकाणी तो टपालाने येतो.

बाहेर पाऊस होता. समोरच्या बेकरीत बसून मी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ मराठीत म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सुटका झाल्यासारखं वाटेल असं वाचलं होतं, तसं काही वाटलं नाही. दुःख झालं. निर्णय चुकला म्हणून नव्हे. जी गोष्ट मला आयुष्यभर माझी वाटत होती, ती कागदावर माझी राहिली नव्हती. दुःख झालं तर घाबरू नका, ते होणारच.

न्यायालय पुढे नोंदणी कचेरीला कळवतं, तिथून ते करखात्याकडे आणि करखात्याकडून कंपनीकडे जातं. तुम्हाला कंपनीत काही सांगावं लागत नाही. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात ज्या महिन्यात घोषणा केली त्या महिन्याच्या अखेरीस कर संपतो. डिसेंबरच्या पगारपावतीवर ती दोन अक्षरं नव्हती. कुणाची नोंद पोचायला उशीर झाला तरी जास्तीची कपात नंतर परत मिळते. बचतीचा हिशेब करताना एक लक्षात घ्या, भरलेला चर्चचा कर वार्षिक विवरणात वजावट म्हणून धरला जातो, त्यामुळे प्रत्यक्ष वाचणारी रक्कम कपातीपेक्षा कमी असते. आणि वर्षाच्या मध्येच नाव काढलं तर पूर्ण वर्षाच्या आयकराचे बारा भाग करून सभासद असलेल्या महिन्यांपुरता कर धरतात. डिसेंबरात बोनस आला तर त्याचाही वाटा त्यात येतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात धर्मग्रामाकडून पत्र आलं. त्यात परिणामांची सगळी यादी होती आणि शेवटी बोलायला येण्याचं आमंत्रण. यादी मला माहीत होती, तरी माझ्या नावाने छापलेली वाचताना हात थरथरले. जावं की नाही हे तुमच्यावर आहे, सक्ती नसते. मी जानेवारीत जायचं ठरवलं, कारण आधी नाताळाला वसई होती.

त्या नाताळच्या आठवड्यात भाच्याचा बाप्तिस्मा झाला. आमची चुलतबहीण धर्ममाता झाली. मी मागच्या बाकावर बसले, ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जागेवरच राहिले. वसईत मला कुणी अडवलं नसतं, तिथे कुणाला काही माहीत नव्हतं. तरी जर्मनीत एक आणि वसईत दुसरं असं मला करायचं नव्हतं. जेवणाच्या मांडवात बहिणीने बाळ माझ्या मांडीवर आणून ठेवलं आणि म्हणाली, “मावशी तर आहेस ना, मग सांभाळ.” आमचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मी गावच्या फादरांना जाऊन भेटले. त्यांनी चहा मागवला. जर्मनीहून काही पत्र आलेलं नव्हतं. मी दाखल्याची प्रत पुढे ठेवली. ते म्हणाले, “आमच्या रजिस्टरात याला रकाना नाही. तुमची प्रत मी फाइलला लावतो.” मग त्यांनी बाबांचा प्रश्न आपणहून काढला. बाबा त्यांच्याशी आधीच बोलून आले होते. मातीबद्दल आज शब्द देता येणार नाही, तेव्हा जे धर्मगुरू असतील ते ठरवतील, असं त्यांनी सरळ सांगितलं. खोटा दिलासा दिला नाही याबद्दल मी त्यांची आभारी आहे. परत यायचं असेल तर दार कुठून आहे तेही त्यांनी सांगितलं. कोणत्याही धर्मगुरूंशी बोलून, बिशपांच्या परवानगीने, पुन्हा स्वीकार होतो. त्याला पैसे पडत नाहीत.

भारतातल्या सरकारी कागदांत मी काही बदललं नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावाप्रमाणे धर्म बदलल्याचीही जाहिरात देता येते, काहींनी मला ती सुचवली. पण मी धर्म बदललेला नाही. मी ख्रिस्ती आहे असंच आजही सांगते.

जानेवारी २०२४ मध्ये इथल्या फादरांकडे गेले. तासभर बोललो. त्यांनी वाद घातला नाही, थकलेले वाटले. त्या वर्षात त्यांनी अशी किती पत्रं पाठवली असतील याचा विचार मनात आला आणि मी विचारलं नाही. बदल्यांबद्दल, लपवलेल्या तक्रारींबद्दल जे मला न्यायालयात सांगता आलं नव्हतं ते सगळं तिथे सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि बिशपांच्या कचेरीला कळवीन म्हणाले. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही आहे त्यांनी या भेटीला जरूर जावं, कारण ऐकून घेणारी जागा या साऱ्या वाटेवर हीच एक आहे.

एक पैशाची गोष्ट उशिरा कळते. बँका दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करखात्याला ग्राहकांचा धर्म विचारतात आणि पुढचं वर्षभर व्याज व गुंतवणुकीच्या नफ्यावरचा चर्चचा कर त्याप्रमाणे कापतात. मी नोव्हेंबरात नाव काढलं, त्यामुळे २०२४ मध्ये बँकेच्या लेखी मी कॅथलिकच होते. रक्कम किरकोळ होती. २०२४ च्या विवरणात बँकेचं प्रमाणपत्र जोडून ती परत मागितली आणि मिळाली.

मार्च २०२५ मध्ये नोकरी बदलून मी बाडेन-व्युर्टेम्बर्गला आले. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये याच राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, तेव्हा आपल्याकडची पुष्कळ माणसं इकडे येतील. नव्या पत्त्याच्या नोंदणीत धर्माचा रकाना पुन्हा आलाच. मी सभासद नसल्याचं सांगितलं. बाईंनी जुन्या नोंदीत ‘आर के’ दिसतंय का ते पाहिलं आणि पुरावा आहे का विचारलं. मी न्यायालयाचा दाखला दाखवला, त्यांनी प्रत काढून घेतली आणि मूळ परत दिला. हा दाखला आयुष्यभर जपून ठेवायचा असतो. पुढे कधी चर्चच्या करकचेरीने विचारलं तर सिद्ध करणं आपल्यावर येतं, आणि काही वर्षांनी कचेऱ्यांतल्या जुन्या नोंदी सापडतीलच असं नाही. माझा मूळ दाखला पासपोर्टच्या पाकिटात आहे, एक प्रत ईमेलवर आणि एक वसईला बाबांच्या कपाटात. ती त्यांनी स्वतः मागून घेतली.